खेळाडूची दुखापत आणि गावाची जबाबदारी

(अहिल्यानगर जिल्ह्यातील शिक्षक, पंचायत सदस्य आणि अधिकारी यांच्यापुढे एका माहिती अधिकाऱ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खेळाविषयी बोलावयाचे म्हटले की ढाली, पदके आणि मिरवणुका डोळ्यांपुढे उभ्या राहतात. आज मला ज्या खेळाडूविषयी बोलावयाचे आहे, तो मिरवणुकीत दिसत नाही. कबड्डीच्या मैदानात गुडघा धरून तो खाली बसलेला असतो. भरतीसाठी पहाटे सडकेवर धावताना त्याची नडगी ठणकत असते आणि घरी तो ते बोलत नाही. त्याच्याजवळ सर्वांत आधी पोहोचतो तो शाळेचा शिक्षक, तालमीचा वस्ताद किंवा गावचा एखादा कार्यकर्ता. पुढे त्या अवयवाचे काय होणार, हे पुष्कळदा या पहिल्या माणसाच्या हाती असते. तेवढीच गोष्ट आज मला आपणांपुढे मांडावयाची आहे.

मी वैद्यकीय व्यवसायातला नाही. तज्ज्ञांना मान्य झालेली माहिती गावापर्यंत नेणे हे माझे काम आहे. रोगनिदान आणि उपचार डॉक्टरांनीच करावयाचे असतात. परंतु डॉक्टर येईपर्यंत काय करावे, काय करू नये आणि त्यांच्याकडे केव्हा न्यावे, हे आपणांस ठाऊक असलेच पाहिजे.

जिल्ह्याचा विस्तार आणि खेळाची हौस

आपला जिल्हा १४ तालुक्यांचा, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटरांचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. अकोल्याच्या डोंगरातील गावापासून नगरचे जिल्हा रुग्णालय शंभर किलोमीटरांहून अधिक दूर पडते. लोणीचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि विळद घाटातील वैद्यकीय महाविद्यालय ही या जिल्ह्याची मोठीच सोय होय. तथापि जामखेड किंवा पाथर्डीच्या टोकाच्या वाडीला तेथवर पोहोचण्यास वेळ लागतो, आणि दुखापत वेळ पाहून होत नाही.

खेळाची हौस मात्र जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यात आहे. यात्रेतील कुस्त्यांचे फड, शाळाशाळांतील कबड्डी आणि खो-खो, गावोगावच्या तालमी हे आपले जुने वैभव आहे. २०२५ च्या जानेवारीअखेर महाराष्ट्र केसरी स्पर्धा नगर शहरात भरली. श्रीरामपुरात जन्मलेल्या झहीर खान यांनी आणि संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणे यांनी या मातीचे नाव जगभर नेले. गेल्या काही वर्षांत यात आणखी एका मोठ्या वर्गाची भर पडली आहे. पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे धावणारी ही मुले-मुली स्वतःला खेळाडू म्हणवीत नाहीत. पण त्यांच्या शरीरावर पडणारा ताण खेळाडूचाच असतो, आणि त्यांच्यामागे ना प्रशिक्षक असतो ना डॉक्टर.

तीन खेळाडू, तीन धडे

क्रीडावैद्यक हे शास्त्र फार नवे नाही. या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना १९२८ साली सेंट मॉरिट्झ येथील हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी स्थापन झाली. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात क्रीडा-दुखापतींसाठी स्वतंत्र केंद्र २०१० मध्ये सुरू झाले. हे शास्त्र नेमके काय सांगते, ते आपल्या परिचयाच्या तीन खेळाडूंवरून पाहू.

पहिले नाव खाशाबा जाधवांचे. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आपण राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. तेथे एक दमछाक करणारी लढत संपताच पुरेशी विश्रांती न मिळता त्यांना सोव्हिएत संघाच्या मामादबेयोव यांच्याशी लढावे लागले. पुढे गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्यांची पुन्हा ऑलिंपिकला जाण्याची आकांक्षा अपुरी राहिली. दोन लढतींमधली विश्रांती हा खेळाडूचा हक्क आहे, हा यातला धडा. एकाच दिवशी एकाच मुलाला पाठोपाठ सामने खेळविणाऱ्या आपल्या स्थानिक स्पर्धांनी तो ध्यानात घ्यावा.

दुसरे झहीर खान. २०११ च्या विश्वचषकात २१ बळी घेऊन ते सर्वाधिक बळी मिळविणाऱ्यांच्या बरोबरीत होते. त्याच वर्षी जुलैमध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत पहिल्याच दिवशी मांडीच्या मागचा स्नायू दुखावून त्यांना मैदान सोडावे लागले. पुढे घोट्याची शस्त्रक्रियाही झाली. मात्र उपचार आणि क्रमाक्रमाने वाढविलेला सराव यांच्या बळावर वर्षअखेरीस ते ऑस्ट्रेलियात पुन्हा गोलंदाजी करीत होते. दुखापत म्हणजे कारकिर्दीचा शेवट नव्हे, असे त्यांची वाटचाल सांगते.

तिसरे अविनाश साबळे. आपल्या सीमेला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा हा धावपटू. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी २०२३ साली तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविले. जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथे शर्यतीत पडून त्यांच्या गुडघ्याचे लिगामेंट, म्हणजे सांधा बांधून ठेवणारा पट्टा, तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. इतका तयार खेळाडूदेखील एका क्षणात खाली येऊ शकतो. फरक एवढाच, की त्यांना तत्काळ निदान आणि तज्ज्ञ उपचार मिळाले. आपल्या शाळेतील मुलाचा तसाच गुडघा 'मुरगळला असेल' म्हणून महिनोन्‌महिने चोळला जातो.

नडगीचे दुखणे आणि सैन्याचा अनुभव

आता भरतीच्या मुलांकडे वळू. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. जाहिरात निघेपर्यंत मुले स्वस्थ असतात आणि ती निघाली की डांबरी रस्त्यावर एकदम रोज सात-आठ किलोमीटर धावू लागतात. दोन-तीन आठवड्यांत नडगी दुखू लागते. मूल गोळी घेऊन धावत राहते आणि एके दिवशी पाय टेकवेनासा होतो.

या दुखण्याची ओळख वैद्यकशास्त्राला सैन्याकडूनच झाली. प्रशियाच्या सैन्यातील ब्राइटहाउप्ट या डॉक्टराने १८५५ साली लांब कूच करणाऱ्या शिपायांच्या पायांचे दुखणे वर्णिले. पुढे क्ष-किरणांचा शोध लागल्यावर, १८९७ साली, ते हाडातील सूक्ष्म तडे असल्याचे दिसून आले. नगरसारख्या लष्करी छावणीच्या शहराला हा इतिहास जवळचा वाटावा. हाडावर ताण पडला की ते झिजते आणि पुन्हा भरून येते. भरून येण्यास सवड न देता ताण वाढवीत गेलो तर तडा जातो.

हे ओळखण्याची साधी खूण अशी. नडगीच्या बऱ्याच लांबीवर पसरलेले दुखणे बहुधा स्नायू आणि हाडावरच्या आवरणाचे असते. एका बोटाने दाखविता येईल अशा एकाच जागी दुखत असेल, रात्रीही ठणका लागत असेल, तर तडा असण्याची शंका घ्यावी आणि धावणे त्याच दिवशी थांबवावे. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये हा तडा पुष्कळदा दिसत नाही. म्हणून 'एक्स-रे चांगला आला' एवढ्यावर मुलाला पुन्हा पळवू नये. वेळीच ओळखल्यास नडगीचा असा तडा साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येतो. न ओळखल्यास हाड पुरते मोडू शकते आणि भरतीचे ते वर्ष हातचे जाते.

यावरचा प्रतिबंध बिनखर्चाचा आहे. तयारी जाहिरातीच्या आधी चार-सहा महिने सुरू करावी. अंतर दर आठवड्याला थोडेथोडेच वाढवावे. डांबराऐवजी मातीचे मैदान निवडावे. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी. झिजलेले बूट बदलावेत. व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच करावा, असे आपल्या आयुर्वेदाच्या आचार्यांनी सांगून ठेवले आहे. स्पर्धेच्या युगात निम्म्यावर थांबता येणार नाही. पण शक्तीचा अंदाज घेऊनच व्यायाम वाढवावा हे त्यातले तत्त्व आजही खरे आहे.

पहिली दहा मिनिटे

मैदानावर पाय मुरगळला की चार जण धावत येतात. एक जण पाय ओढतो, दुसरा तेल चोळतो, तिसरा 'चालून बघ' म्हणतो. या तिघांनाही आवरणे ही पहिली मदत होय. खेळाडूला खाली बसवावे. दुखरा भाग उंच ठेवावा. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, नुसत्या कातडीवर ठेवू नये. रुंद पट्टी बेताने बांधावी. पहिले दोन-तीन दिवस शेक आणि मालीश वर्ज्य समजावे. बर्फाने वेदना कमी होते, जखम लवकर भरतेच असे नाही. १९७८ साली बर्फाचा पुरस्कार करणाऱ्या अमेरिकन डॉक्टर मर्किन यांनी स्वतःच पुढे हे मत दुरुस्त केले. म्हणून बर्फाचा अतिरेकही नको. वेदना ओसरू लागली की सांध्याची हलकी हालचाल सुरू करावी.

घोट्याचा एक्स-रे केव्हा काढावा, यासाठी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ मध्ये काही नियम मांडले. त्यांतले दोन आपण सहज लक्षात ठेवू शकतो. खेळाडूला स्वतःच्या बळावर चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांपैकी एखाद्याच्या मागच्या कडेवर अगर टोकावर दाबताच दुखत असेल, तर एक्स-रे काढलाच पाहिजे. गुडघ्यातून 'कट्' असा आवाज आला, दोन-चार तासांत तो टम्म सुजला किंवा चालताना निसटू लागला, तर लिगामेंट तुटल्याची शंका घेऊन अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. खांदा निखळला असेल तर मैदानावर ओढून बसविण्याचा प्रयत्न करू नये. हात झोळीत घालून न्यावे. मान किंवा पाठ दुखत असल्यास खेळाडूला हलवूच नये, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागून क्षणभर भान हरपले, उलटी झाली किंवा खेळाडू गोंधळून बोलू लागला, तर त्या दिवशी त्याला पुन्हा खेळवू नये, मग तो अंतिम सामना का असेना.

कामट्यांची घट्ट पट्टी

हाडवैद्यांविषयी ग्रामीण भागात आदर आहे आणि त्यांच्यापैकी अनेक जण सेवाभावाने काम करतात. त्यांचा अनादर न करता एक धोका स्पष्टपणे सांगितला पाहिजे. मोडलेल्या हातावर बांबूच्या कामट्या लावून पट्टी करकचून बांधली आणि आत सूज वाढली, तर रक्तपुरवठा बंद पडतो. सुमारे सहा तास रक्त न मिळालेला स्नायू पुन्हा पूर्ववत होत नाही. बोटे आत वळून हात कायमचा निकामी होतो. क्वचित हात कापावाही लागतो. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी ही विकृती १८८१ साली वर्णिली, आणि ती आजही टळलेली नाही.

बोटे निळी किंवा थंड पडणे, मुंग्या येणे, बोटे सरळ करताना असह्य कळ येणे या खुणा दिसताच पट्टी तत्काळ सैल करून रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी घातलेल्या प्लास्टरलाही हाच नियम लागू आहे. पंचायतीने गावातील हाडवैद्यांना विश्वासात घेऊन या खुणा समजावून दिल्या, तर त्यांच्याच हातून कित्येकांचे हात वाचतील.

ऊन आणि हृदय

आपला जिल्हा अवर्षणप्रवण आहे आणि येथील उन्हाळा कडक असतो. २०२४ साली झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या धावण्याच्या चाचणीत अनेक तरुण दगावले. कारणे तपासणे हे तज्ज्ञांचे काम. परंतु श्रम, उष्णता आणि अपुरी तयारी यांचा मेळ घातक ठरतो, हे निर्विवाद आहे. धावता धावता मूल अडखळू लागले, असंबद्ध बोलू लागले आणि अंग तापले, तर तो श्रमाचा उष्माघात समजावा. अशा वेळी अंगाला घाम असला तरी निर्धास्त राहू नये. या बाबतीत नियम असा, की आधी थंड करावे आणि मग न्यावे. रुग्णवाहिका बोलावून, ती येईपर्यंत मुलाला गार पाण्याच्या टाकीत मानेपर्यंत धरून बसवावे. टाकी नसल्यास सतत पाणी ओतून वारा घालावा. अमेरिकेतील फॅल्मथ येथील शर्यतीत उष्माघात झालेल्या २७४ जणांना जागच्या जागी गार पाण्यात बसविण्यात आले, आणि ते सर्व वाचले, अशी नोंद २०१५ साली प्रसिद्ध झाली.

कोणाचाही धक्का न लागता खेळाडू कोसळला आणि श्वास नीट चालत नसेल, तर हृदय बंद पडले असे समजावे. छातीच्या मध्यभागी दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावे. २०२१ च्या जूनमध्ये कोपनहेगन येथे भर सामन्यात कोसळलेले फुटबॉलपटू एरिक्सन अशाच तत्पर मदतीने वाचले आणि पुन्हा खेळू लागले. ही कृती प्रत्येक शाळेतील निदान दोन शिक्षकांनी शिकून घ्यावी.

तालीम आणि पैलवानाचे आरोग्य

तालमीच्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू मिसळण्याची आपली परंपरा आहे. तरीही मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. म्हणून प्रत्येक पैलवानाचे धनुर्वाताचे लसीकरण पूर्ण असावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ही सोय आहे. अंगाला अंग लागत असल्याने नायटा झपाट्याने पसरतो. ज्याला तो झाला असेल त्याने बरा होईपर्यंत लढत करू नये, आणि लंगोट-टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा. कानाला मार लागून रक्त साकळले तर ते दोन-तीन दिवसांतच डॉक्टरांकडून काढून घ्यावे. मोडलेला कान हे पैलवानाचे भूषण मानण्याची रीत असली, तरी ते दुर्लक्षिलेल्या दुखापतीचे चिन्ह होय.

खालच्या वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे ही त्याहून घातक प्रथा आहे. अमेरिकेत १९९७ साली महाविद्यालयीन तीन मल्ल अवघ्या काही आठवड्यांत या प्रथेने दगावले आणि तेथील नियम बदलावे लागले. वाढत्या वयाच्या मुलाला तर वजन तोडावयास सांगणे हा अपराधच म्हणावा लागेल. अनोळखी माणसाकडून 'ताकदीची' इंजेक्शने आणि भुकट्या घेणेही टाळावे. २०२२ साली राष्ट्रीय उत्तेजकविरोधी अधिनियम झाला आहे आणि निष्काळजीपणाने घेतलेली मात्राही खेळाडूला वर्षानुवर्षे मैदानाबाहेर ठेवू शकते.

मुलींचा खेळ

खेळणाऱ्या मुलींची संख्या वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के रक्तक्षयी आढळल्या. ज्या मुलीला लवकर दम लागतो, ती आळशी नसून तिचे रक्त कमी असण्याचा संभव अधिक. हंगामापूर्वी हिमोग्लोबिन तपासावे आणि लोहाच्या गोळ्यांबरोबर पोटभर जेवणाकडे घरच्यांचे लक्ष वेधावे. खेळामुळे पाळी बंद होणे हे शिस्तीचे लक्षण समजू नये. ते आहार अपुरा असल्याचे लक्षण असते आणि त्यातून हाडे कमजोर होतात. याविषयी बोलावयास प्रत्येक शाळेत एक शिक्षिका नेमलेली असावी.

गुडघ्याचे लिगामेंट तुटण्याचे प्रमाणही मुलींत मुलांपेक्षा अधिक आढळते. यावर उपाय सापडला आहे. नॉर्वेत सुमारे १९०० मुली-खेळाडूंचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. सामन्यापूर्वी वीस मिनिटांचा ठरावीक पूर्वव्यायाम करणाऱ्या संघांत एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने आणि गंभीर दुखापती निम्म्याने घटल्या. त्यात हळू धावणे, एका पायावर तोल सावरणे, बैठका, उडी मारून गुडघे वाकवून उतरणे एवढेच प्रकार होते. आपल्या शाळेच्या मैदानावर यातले काय करता येणार नाही?

परतण्याची घाई

शस्त्रक्रियेनंतर किंवा विश्रांतीनंतर वेदना थांबते, आणि वेदना थांबली म्हणजे मूल बरे झाले असे आपण समजतो. लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितका लांबणीवर टाकावा तितका पुन्हा दुखापत होण्याचा धोका प्रत्येक महिन्यागणिक सुमारे निम्म्याने घटतो, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिसले. दुखऱ्या पायाची ताकद चांगल्या पायाच्या जवळपास आल्याखेरीज सामना नको. यासाठी फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. आणि तालुक्याच्या विजयासाठी अर्धवट बऱ्या मुलाला मैदानात उतरविण्याचा आग्रह गावाने धरू नये.

आपण काय करावे

शिक्षकांनी प्रत्येक सत्राच्या आरंभी मुलांची जुनी दुखणी विचारून नोंदवही ठेवावी, पूर्वव्यायाम सक्तीचा करावा आणि प्रथमोपचाराची पेटी कुलपात न ठेवता मैदानावर ठेवावी. पंचायतींनी गावालगत मातीची सपाट धावपट्टी आखून द्यावी, मैदानावरील दगड-काचा काढाव्यात, पाण्याची टाकी आणि सावली यांची सोय करावी. खुल्या व्यायामशाळेच्या साहित्यावर जेवढा विचार होतो, तेवढा या साध्या गोष्टींवरही व्हावा. अधिकाऱ्यांनी कोणत्याही स्पर्धेस परवानगी देताना रुग्णवाहिका, पाणी आणि सामन्यांमधील विश्रांती यांची खातरजमा करावी, आणि उन्हाळ्यात सामने सकाळी किंवा सायंकाळी ठेवावेत. शस्त्रक्रियेची वेळ आलेल्या कुटुंबाला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून विचारून द्यावे.

बंधुभगिनींनो, यांतील बहुतेक गोष्टींना निधीपेक्षा लक्ष अधिक लागते. शेतकऱ्याच्या घरातील मुलाचा पाय निकामी झाला, तर खेळ जातो, भरती जाते आणि उद्याची शेतीतली मेहनतही जाते. तो पाय वाचविण्याची पहिली संधी आपल्यापैकी कोणा एकास मैदानावरच मिळणार आहे. त्या क्षणी आपला हात योग्य तेथे पडावा, आणि जेथे पडू नये तेथे आवरला जावा, एवढी तयारी आपण या हंगामापूर्वी करावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.